ब्रेक ऑइल बदल : पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस असलेली गाडी

३ नोव्हेंबर २०२५ : पाहणी

गाडी हात-गियरची. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोराने ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. क्लचही हायड्रॉलिक असून त्याचे तेल ब्रेकच्याच टाकीतून जाते. मागच्या बदलाची नोंद तीन वर्षांपूर्वीची. बहुतेक उत्पादक दोन वर्षांची मुदत देतात, म्हणजे मुदत उलटून गेली आहे.

टाकीतले तेल फिकट पिवळे आणि स्वच्छ दिसते. पातळी ‘कमाल’ खुणेच्या जरा खाली. इतके पाहून काम पुढे ढकलणे चुकीचे ठरेल. इंजिन ऑइल फिरत राहते, ब्रेक ऑइल फिरत नाही. पेडल दाबले की ते नळीत थोडे पुढे सरकते आणि सोडले की तेवढेच मागे येते. कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, जे तेल तीन वर्षांपूर्वी भरले ते आजही तिथेच आहे, आणि सर्वांत जास्त उष्णता तिथेच लागते. टाकीतले तेल ताजे दिसण्याचे कारण एवढेच की मधल्या काळात कुणीतरी वरून थोडे ओतले आहे. टाकी रिकामी करून नवे भरले आणि झाकण लावले, तर चाकाजवळ काहीही बदलत नाही. त्यामुळे या कामात मोजायचे ते चाकाजवळून किती तेल बाहेर आले आणि ते कसे दिसत होते.

ओलावा तपासणारा पेन टाकीत बुडवला. हिरवा दिवा लागला. या दिव्यावर निर्णय घेतलेला नाही. असे पेन तेलाची विद्युतवाहकता मोजतात आणि ती प्रत्येक बनावटीच्या तेलात वेगळी असते. शिवाय मोजमाप टाकीचे झाले, कॅलिपरचे नाही. तेल प्रत्यक्ष उकळवून तापमान दाखवणारे उपकरण जास्त भरवशाचे. तांब्याचे प्रमाण दाखवणारी चाचणीपट्टीही उपयोगी पडते, कारण गंजरोधक द्रव्ये संपत आली की नळ्यांच्या आतल्या पृष्ठभागातून तांबे तेलात उतरू लागते.

पाणी आत येते कुठून? ग्लायकॉल इथर जातीचे तेल हवेतला ओलावा ओढून घेते. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र ही एक वाट, आणि रबरी होज, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या लवचीक नळ्या, ही दुसरी. वरून धडधाकट दिसणाऱ्या होजमधूनही बाष्प हळूहळू आत झिरपते. ते पाणी तळाशी साचत नाही, तेलात विरघळते. त्याने तेलाचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर सतत ब्रेक लागले की कॅलिपरमधले तेल उकळते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. थंड झाल्यावर पेडल पुन्हा नेहमीसारखे लागते, म्हणून हा दोष गाडी उभी असताना तपासून सापडत नाही.

५ नोव्हेंबर : सामान

टाकीच्या झाकणावर डॉट ४ हा ब्रेक ऑइलचा दर्जा लिहिलेला आहे. तेच आणले, ५०० मि.लि.च्या दोन सीलबंद बाटल्या. एक लिटरची एकच बाटली न घेण्याचे कारण असे की काम एका बाटलीत आटोपले तर दुसरीचे सील शाबूत राहते. फोडलेल्या बाटलीतले उरलेले तेल पुढच्या वर्षासाठी ठेवून उपयोग नाही.

अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ११६ मानकातले किमान उत्कलनबिंदू इथे लिहून ठेवतो, कारण डब्यावरचे आकडे याच्याशी ताडून पाहायचे असतात:

डॉट ३ : कोरडे २०५ अंश सेल्सिअस, ओले १४० अंश
डॉट ४ : कोरडे २३० अंश, ओले १५५ अंश
डॉट ५.१ : कोरडे २६० अंश, ओले १८० अंश

‘कोरडे’ म्हणजे नवे, पाणी न शिरलेले तेल; ‘ओले’ म्हणजे तेलात सुमारे ३.७ टक्के पाणी शिरलेले असताना. डॉट ४ ओले झाले की कोरड्या डॉट ३ पेक्षाही ५० अंश खाली येते, म्हणजे तेलाचा दर्जा वाढवून बदलाची मुदत लांबवता येत नाही.

डॉट ३, ४ आणि ५.१ एकमेकांत मिसळतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते. ते यांच्यात मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचे नसते. ५ आणि ५.१ हे आकडे इतके जवळचे आहेत की घाईत चुकीचा डबा उचलला जातो. डबा उघडण्यापूर्वी आकडा पूर्ण वाचावा. एबीएस आणि स्थिरता नियंत्रण असलेल्या नव्या गाड्यांत काही उत्पादक पातळ जातीचे डॉट ४ मागतात, त्याच्या डब्यावर ‘आयएसओ ४९२५ वर्ग ६’ असा उल्लेख असतो. थंडीत झडपांमधून तेल झटकन जावे म्हणून ते पातळ असते. पुस्तिकेत ते सांगितले असेल तर साधे डॉट ४ घालू नये.

बाकी सामान:

– आतून ५ मि.मी. व्यासाची पारदर्शक नळी, साधारण ७० सें.मी. निपलवर (चाकाजवळचे तेल ज्यातून बाहेर काढतात तो स्क्रू) घट्ट बसली पाहिजे, सैल बसली तर तिथूनच हवा ओढते
– मि.लि.च्या खुणा असलेली पारदर्शक बाटली, झाकणाला नळीपुरते भोक
– ८ आणि १० मि.मी.चे सहा कोनी रिंग पाने. मागे ८, पुढे १०
– टाकी उपसायला नवी, कोरडी मोठी सिरिंज
– जॅक, चार स्टँड, चाकांसाठी लाकडी ठोकळे
– ब्रेक क्लीनर, धागे न सुटणारे फडके, पाण्याची बादली
– रबरी हातमोजे, चष्मा
– निपलच्या नव्या रबरी टोप्या

बाराकोनी किंवा उघड्या तोंडाचा पाना निपलला लावायचा नाही. निपल आतून पोकळ आणि मऊ असतो. कोपरे एकदा गोल झाले की पकड घ्यायला काही उरत नाही.

८ नोव्हेंबर : निपल सोडवणे

काम उद्या आहे, पण निपल आजच पाहिले. टाकी उपसल्यानंतर एखादा निपल उघडत नाही असे कळले तर गाडी अर्धवट अवस्थेत अडकते. आधी चारही सैल होतात याची खात्री, मगच पुढचे पाऊल.

पुढचे दोन्ही सहज हलले. मागचा उजवाही. मागचा डावा टोपी नसल्यामुळे गंजलेला होता. तारेच्या ब्रशने आट्यांभोवतीचा गंज काढला, गंज सोडवणारे तेल दोन-तीन थेंब टाकून चार तास तसाच ठेवला. मग निपलच्या डोक्यावर हलक्या हातोडीने टकटक केली, पाना लावून आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने दाब दिला आणि नंतर उलट्या दिशेने. गंजाची पकड अशी दोन्हीकडून हलवली की तुटते. एकाच दिशेला जोर लावला तर गंजाऐवजी निपल तुटतो. सैल झाल्यावर लगेच बंद करून सगळीकडे ब्रेक क्लीनर मारला. हे पुसणे महत्त्वाचे आहे: गंज सोडवणारे तेल खनिज जातीचे असते आणि ब्रेकमधली ईपीडीएम रबरची सील्स खनिज तेलाने फुगतात. एक थेंबही आत जाता कामा नये. पेट्रोल, डिझेल, साधे ग्रीस यांनाही हाच नियम.

आग दाखवून निपल तापवायचा नाही. ब्रेक ऑइल पेट घेते आणि शेजारचा होज जळतो.

होज चारही वाकवून पाहिले. भेगा नाहीत, फुगवटा नाही. व्हील सिलिंडर मागच्या ड्रमच्या आत असतो आणि शू, म्हणजे ड्रमला घासणारे तुकडे, बाहेर ढकलतो; त्याच्या रबरी टोप्यांच्या कडेला ओल नाही. ओल असती तर तेल बदलण्याआधी सिलिंडरचे काम करावे लागले असते.

९ नोव्हेंबर, सकाळ : टाकी आणि मागची चाके

सपाट जमीन. ठोकळे लावले, गाडी उचलून चारही स्टँडवर घेतली, हलवून पाहिली, मग चाके काढली. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. हँडब्रेक सोडलेला, किल्ली बंद. काही हायब्रिड गाड्यांत दार उघडताच ब्रेकचा पंप आपोआप दाब तयार करतो. त्या गाड्यांवर हे काम निदानयंत्राशिवाय घरी करू नये.

झाकण उघडण्याआधी टाकीभोवतीची धूळ पुसली. खालच्या रंगावर ओले फडके पसरले, कारण ब्रेक ऑइल गाडीचा रंग उचलते. सांडलेच तर नुसते पुसायचे नाही, भरपूर पाण्याने धुवायचे. ते पाण्यात विरघळते.

सिरिंजने टाकीतले साधारण १२० मि.लि. काढले. तळाशी थोडे शिल्लक ठेवले, जेणेकरून मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर तेलावर दाब देणारा, टाकीखालचा भाग) भोकांमध्ये हवा जाणार नाही. या अवस्थेत पेडलला पाय लावायचा नाही. नवे तेल ‘कमाल’पर्यंत भरले आणि झाकण नुसते वर ठेवले, फिरवले नाही. झाकण मुळीच नसेल तर पेडल सोडताना आतून तेलाची चिळकांडी उडते.

क्रम: मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी. या गाडीत सिलिंडर उजवीकडे आहे, म्हणून मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. तिरपी जोडणी असलेल्या काही गाड्यांना पुस्तिका वेगळा क्रम देते, तिथे पुस्तिकेचेच ऐकावे.

पेडलखाली लाकडी तुकडा ठेवला आहे, पेडल निम्म्याच्या थोडे पुढे गेले की अडेल असा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा दट्ट्या एका ठरावीक टप्प्यातच फिरतो. त्यापुढच्या भागात मळ आणि गंज बसलेला असतो. ब्लीडिंग, म्हणजे निपलमधून तेल आणि हवा काढणे, करताना पेडल तळाला ठोकले की सील त्या खरखरीत भागावरून घासत जाते आणि फाटते. जुन्या गाडीचे तेल बदलल्यावर चार दिवसांनी पेडल बसू लागते आणि दोष नव्या तेलाला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा हेच असते.

एक जण पेडलवर, एक जण निपलवर. नळी निपलवर चढवली, तिची कमान निपलच्या वर जाईल अशी वळवली, दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या नव्या तेलात बुडवले. कमान वर असली की बुडबुडे निपलपासून दूर चढतात आणि पुन्हा आत येत नाहीत. बोलायचे शब्द आधीच ठरवले: ‘दाब’, ‘दाबलंय’, ‘सोड’.

‘दाब’ म्हटले की पेडल सावकाश, एकसारखे खाली. ‘दाबलंय’ ऐकू आले की निपल पाव ते अर्धा फेरा उघडायचा. पेडल तुकड्याला टेकले की निपल बंद. त्यानंतरच ‘सोड’. निपल उघडा असताना पेडल सुटले तर चाकाकडून हवा आत ओढली जाते, आणि या कामात हवा शिरते ती बहुतेक याच एका कारणाने. निपल अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त उघडला तर आट्यांभोवतीनेही हवा येते.

मागच्या डाव्या चाकातून पहिले तेल चहाच्या कोऱ्या अर्कासारखे काळपट निघाले, त्यात बारीक काळे कण. टाकीतले फिकट पिवळे आणि हे, दोन्ही एकाच गाडीतले. रंग काळा म्हणजे पाणी जास्त असे थेट गणित नाही, काळेपणा रबर आणि धातूच्या कणांचाही असतो. पण एवढे नक्की की इथले तेल बऱ्याच काळात हललेले नव्हते.

दर आठ-दहा दाबांनंतर टाकी पाहून भर घातली. टाकी ‘किमान’ खुणेखाली जाऊ द्यायची नाही. हवा एकदा एबीएसच्या ठोकळ्यात शिरली तर ती पेडलने निघेलच असे नाही, निदानयंत्र जोडून पंप आणि झडपा चालवाव्या लागतात. साध्या तेलबदलाला त्या यंत्राची गरज नसते. ठोकळ्यातल्या बंद झडपांमागे थोडे जुने तेल राहते हे खरे, ते कमी असते आणि पुढे एबीएस चालेल तेव्हा बाकीच्यात मिसळते.

साधारण १७० मि.लि.नंतर नळीतला रंग पालटू लागला, २५० मि.लि.ला टाकीतल्यासारखा झाला. निपल बंद, नळी काढली, टॉर्क पान्याने पुस्तिकेप्रमाणे ८ न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजाने निपल नेहमी जास्त आवळला जातो. गळती थांबते ती निपलच्या टोकाच्या शंकूने, जोराने नव्हे.

मागचे उजवे: १५० मि.लि. या निपलमधून सुरुवातीला काहीच येईना. छिद्रात मळ अडकला होता. निपल पूर्ण काढून बारीक तारेने साफ केला. काढलेल्या वेळात भोकावर बोट धरले, पेडलला कोणी हात-पाय लावला नाही. परत बसवल्यावर पहिल्या दोन दाबांत हवा आली, नंतर सलग तेल.

९ नोव्हेंबर, दुपार : पुढची चाके आणि क्लच

पुढचे डावे १५०, पुढचे उजवे १२० मि.लि. कॅलिपरचा निपल सर्वांत वरच्या बाजूला आहे हे पाहून घेतले. कॅलिपर कधी काढले असतील आणि डावे-उजवे अदलाबदल झाले असतील तर निपल खाली येतो, वर हवा अडकून राहते आणि कितीही तेल काढले तरी पेडल घट्ट होत नाही.

पुढचे पॅड निम्मे झिजलेले आहेत. पॅड झिजतात तसा दट्ट्या बाहेर येतो आणि टाकीची पातळी उतरते. म्हणून आज ‘कमाल’च्या थोडे खालीच थांबलो. नवे पॅड घालताना दट्टे मागे ढकलले जातील तेव्हा हेच तेल वर येणार आहे. तेव्हाही दट्टा ढकलताना निपल उघडून तेल बाहेर जाऊ द्यावे, म्हणजे कॅलिपरमधला मळ एबीएसच्या ठोकळ्याकडे उलटा जात नाही.

क्लच: टाकीतून क्लचकडे जाणारी नळी वरच्या पातळीवर निघते. त्यामुळे टाकी अर्धी रिकामी झाली तरी ब्रेक शाबूत राहतात, क्लच मात्र हवा घेतो. टाकी भरलेली ठेवून स्लेव्ह सिलिंडरच्या (क्लचजवळचा, तेलाच्या दाबाने क्लच हलवणारा) निपलमधून ८० मि.लि. काढले. तेल ब्रेकपेक्षाही काळे. क्लचचे पेडल निपल उघडल्यावर आपण होऊन वर येत नाही, हाताने उचलावे लागते.

एकूण खर्च: टाकीसह सुमारे ८७० मि.लि. दुसरी बाटली फोडावीच लागली.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ : तपासणी

सगळ्या निपलवर पाणी ओतून धुतले, ब्रेक क्लीनरने कोरडे केले, टोप्या बसवल्या. तुकडा काढला. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबले, म्हणजे बूस्टरमधली (पायाचा जोर वाढवणारा भाग) निर्वात पोकळी संपते. मग जोराने दाबून एक मिनिट धरले: पेडल हलले नाही. पाय तसाच ठेवून इंजिन चालू केले: पेडल थोडे खाली येऊन थांबले. बूस्टर ठीक आहे. निपल पुन्हा पाहिले, कोरडे.

एक गोष्ट पटली नाही. पहिल्या दाबाला पेडल अपेक्षेपेक्षा खोल जाते, लगेच दुसऱ्यांदा दाबले की वर लागते. चाके बसवलेली नाहीत, उद्या पाहायचे.

१० नोव्हेंबर : पेडलची खोली

पेडल खोल जाते म्हणजे हवा राहिली, असे धरून पुन्हा पुन्हा ब्लीडिंग करत बसणे हे तेल वाया घालवणे आहे. तीन लक्षणे वेगवेगळी ओळखता येतात.

पेडल स्पंजासारखे लवचीक लागते आणि भराभर दाबले की घट्ट होत जाते: हवा.
पेडल घट्ट लागते पण धरून ठेवल्यावर सावकाश बसत जाते आणि बाहेर कुठे गळती नाही: मास्टर सिलिंडरच्या आतले सील.
पेडल खोल जाते, पण जिथे लागते तिथे टणक, आणि दुसऱ्या दाबाला वर येते: मागचे शू ड्रमपासून लांब.

इथे तिसरे. होजवर पकड लावून मागची बाजू बंद करून पाहण्याची पद्धत आहे. ती वापरली नाही, जुना होज आतून फाटतो. ड्रम काढले. शू पुरेसे जाड आहेत, पण डाव्या बाजूचे आपोआप आवळणारे दातेरी चाक धुळीने जाम झालेले. ओल्या फडक्याने साफ केले, हवेने उडवले नाही, ब्रेकची धूळ श्वासात जाऊ नये. आट्यांना ब्रेकचे उष्णतारोधक ग्रीस अगदी पुसट लावले. ड्रम बसवून दातेरी चाक शू घासेपर्यंत आवळले आणि चाक मोकळे फिरेपर्यंत काही दाते मागे घेतले. दोन्ही बाजू सारख्या. पेडल पहिल्याच दाबाला वर लागले.

चाके बसवून गाडी खाली घेतली. नट आधी हाताने, मग तिरपे क्रमाने, शेवटी गाडी जमिनीवर असताना टॉर्क पान्याने.

रिकाम्या, बंद जागेत चालण्याच्या वेगाने चार-पाच वेळा ब्रेक. मग थोडा वेग वाढवून. गाडी कुठे ओढत नाही, एबीएसचा दिवा लागत नाही.

१६ नोव्हेंबर : फेरतपासणी

आठवड्याच्या वापरानंतर टाकीची पातळी खुणेवर आहे तिथेच. पाचही निपल टोप्या काढून पाहिले, कोरडे. पेडलची उंची १० तारखेसारखीच. ड्रम हाताला दोन्ही बाजूंना सारखेच गरम लागतात.

काढलेले तेल बंद बाटलीत, वर ‘जुने ब्रेक ऑइल, विषारी’ अशी चिठ्ठी. ते गटारात किंवा जमिनीवर ओतायचे नाही आणि जुन्या इंजिन ऑइलच्या डब्यातही टाकायचे नाही, त्याने ते तेल पुनर्वापराला निरुपयोगी होते. धोकादायक कचरा घेणाऱ्या ठिकाणी वेगळे द्यायचे. दुसऱ्या बाटलीत उरलेले १३० मि.लि. झाकण घट्ट लावून, वर उघडल्याची तारीख घालून ठेवले आहे. पुढच्या बदलाला ते वापरायचे नाही.

टाकीच्या झाकणाजवळ चिठ्ठी चिकटवली: डॉट ४, ९ नोव्हेंबर २०२५, ब्रेक व क्लच, पुढील बदल नोव्हेंबर २०२७. मागच्या डाव्या बाजूला तेव्हा नवा निपल घालायचा, आट्यांची मापे एम ८ × १.२५.